आधी हात, मग हत्यार : हौशी पिस्तूल नेमबाजीतला खर्चाचा क्रम



२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला एक फोटो तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. तुर्कस्तानचे युसुफ दिकेच, वय ५१. एक हात खिशात, डोळ्यांवर रोजचा चष्मा, दुसऱ्या हातात पिस्तूल. १० मीटर हवाई पिस्तुलाच्या मिश्र सांघिक स्पर्धेत त्यांच्या जोडीला रौप्यपदक मिळालं. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य जिंकलं. त्यानंतर मला दोन प्रकारचे फोन येऊ लागले. काही जण म्हणाले, "कर्नलसाहेब, बघा, या खेळाला सामान लागतच नाही." काही म्हणाले, "पोरीला मनूसारखं पिस्तूल घेऊन द्यायचंय, कुठलं घेऊ?"

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दिकेच यांनी नेमबाजीची खास काच आणि डोळ्यावरची झापड वापरली नव्हती, हे खरं. पण हातातलं पिस्तूल स्पर्धेच्या दर्जाचंच होतं, आणि ते त्यांचं पाचवं ऑलिंपिक होतं. खिशातला हात म्हणाल, तर ती ऐट नव्हे. मोकळा हात लोंबकळत राहिला की शरीर डोलतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक पिस्तूल नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतो.

मी फौजेतून निवृत्त होऊन महूला स्थायिक झालो. आमच्या गावात आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार तिथलेच. मी काही त्या पंक्तीतला नाही. आठवड्यातून चार दिवस हौसेनं मारतो आणि नव्या लोकांना उभं राहायला शिकवतो. आज फक्त एवढंच सांगणार आहे की या छंदात पैसा कुठे, किती आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमानं घालावा.

सुरुवात कुठून?

पिस्तुलाचे प्रकार बरेच आहेत, पण हौशी माणसानं १० मीटर हवाई पिस्तुलापासून सुरुवात करावी. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचा ताण कमीत कमी ५०० ग्रॅम. एकाच हातानं, उभं राहून ६० नेम, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटांत. पूर्ण गुण ६००.

फौजेत आम्ही पिस्तूल दोन हातांनी धरायला शिकलो. तिथे वेळ सेकंदांचा असतो आणि समोरच्याला लागलं की काम झालं. इथे उलट. वेळ भरपूर, पण दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. फौजी माणसालाही इथे पहिल्या दिवसापासूनच शिकावं लागतं.

एक छोटं गणित

हे गणित समजलं की निम्मा अनावश्यक खर्च वाचतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३० मिलिमीटर अंतर असतं. नेम धरताना पुढची साइट मागच्या खाचेत एकच मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा सात होतो.

आता दुसरी चूक बघा. दोन्ही साइट एका रेषेत आहेत, पण अख्खा हातच पाच मिलिमीटर डावीकडे डुलला. छर्राही पाचच मिलिमीटर डावीकडे जाईल. छर्रा वर्तुळाच्या कडेला शिवला तरी वरचे गुण मिळतात, त्यामुळे हा नेम अजूनही दहाच आहे.

म्हणजे हात डुलणं हा मोठा शत्रू नव्हे. हात सगळ्यांचाच डुलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. खरा शत्रू म्हणजे ट्रिगर दाबताना मनगटाला बसणारा झटका, कारण तो दोन साइटमधली रेष मोडतो. हा झटका कुठलंही महागडं पिस्तूल काढून देत नाही. तो जातो फक्त सरावानं, आणि त्यातला बराच सराव फुकट आहे. घरी कोऱ्या भिंतीसमोर, छर्रा न घालता, पुढच्या साइटवर नजर ठेवून ट्रिगर दाबायचा. आम्ही याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतो. स्पर्धेच्या हवाई पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोयच असते. रोज २० मिनिटं पुरेत. फक्त प्रत्येक वेळी आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, आणि त्या खोलीत छर्र्यांचा डबा ठेवायचा नाही.

पहिले सहा महिने

गेल्या वर्षी एक निवृत्त हवालदार भेटायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, आता इथेच घर बांधून राहिलेत. म्हणाले, "साहेब, ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत. पोरीला बाहेरचं पिस्तूल घेऊन टाकतो." पोरगी पंधरा वर्षांची. मी म्हटलं, "पैसे बँकेत राहू द्या. सहा महिने तिला क्लबच्या पिस्तुलावर मारू द्या. मग दोघंही या." चौथ्या महिन्यात पोरीला शेजारच्या लेनवरची रायफल आवडली. आज ती रायफल मारते आणि छान मारते. पिस्तूल घेतलं असतं, तर घरातली सगळ्यात महाग वस्तू कपाटात पडून राहिली असती.

म्हणून पहिले सहा महिने खर्च एवढाच : क्लबची फी, क्लबचं पिस्तूल, छर्रे आणि बूट. बुटाचा तळ सपाट हवा. नियमानुसार पिस्तूल नेमबाजाचा बूट घोट्याचं हाड झाकत नाही, त्यामुळे साधा सपाट तळाचा कॅन्व्हास बूटही सुरुवातीला चालतो. धावायचे गुबगुबीत बूट नकोत, त्यात माणूस हलतो.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक खास सूचना. साठीनंतर पुढची साइट धूसर दिसते आणि आपल्याला वाटतं, हात गेला. हात नाही, नंबर गेलेला असतो. दोन भागांचा चष्मा इथे कामाचा नाही, मान वाकडी होते. नेत्रतज्ज्ञांना सांगा की हात लांब केल्यावर बोटांच्या थोडं पुढे स्पष्ट दिसायला हवं. बहुधा दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण प्लस मिळवून एक काच करून देतात. दुसरा डोळा मिटू नका, चेहऱ्याचे स्नायू थकतात. त्याच्यापुढे झापड लावा. ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी, एवढाच नियम.

पिस्तूल कधी आणि कोणतं

६० नेमांचा तुमचा स्कोअर महिनाभर सातत्यानं ५२०-५३० च्या आसपास राहू लागला की स्वतःच्या पिस्तुलाचा विचार करा. त्या पातळीला मूठ आणि ट्रिगर आपल्या हाताचे असणं फायद्याचं ठरतं.

आपल्या रेंजेसवर स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावं तुम्हाला दिसतील. नवं घ्यायचं तर किंमत लाखांत जाते. यातलं कुठलंही पिस्तूल शिकंज्यात धरून मारलं, तर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. म्हणजे अचूकतेत ती सगळी तुमच्या-माझ्यापेक्षा पुढेच आहेत. निवड नावावरून करू नका, मुठीवरून करा. मूठ लहान-मोठ्या मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी मिळते. डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचला, मग डोळे उघडा. साइट आपोआप सरळ रेषेत दिसल्या, तर मूठ तुमची. मनगट वळवावं लागलं, तर नाही. लाकडी मूठ थोडी घासून किंवा लांबी भरून हाताला बसवता येते. मुलांचा हात वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी घाई तर मुळीच नको.

जुनं पिस्तूल घेत असाल, तर आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. त्यात २०० बार दाबाची हवा भरतात, त्यामुळे मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे नुसती नियमाची नाही, जिवाची गोष्ट. तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.

आणि दुसरं पिस्तूल घेण्याआधी सुटे भाग घ्या : सील, बॅटरी, पानं. टोकियोला मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हत्यार यंत्र आहे, ते कधीतरी अडणारच.

छर्रे

स्पर्धेचे छर्रे शिशाचे आणि चपट्या तोंडाचे असतात, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण नीट वाचता येतात. टोकदार छर्रे इथे बिनकामाचे. वजन साधारण अर्धा ग्रॅम. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतील, ते छर्र्याच्या डोक्याचं माप. कोणतं माप चांगलं, याचं उत्तर प्रत्येक नळीगणिक वेगळं असतं. तीन-चार प्रकार आणा, पिस्तूल शिकंज्यात बसवा, प्रत्येकाचे पाच-पाच छर्र्यांचे तीन ग्रुप मारा. ज्याचा ग्रुप सर्वांत लहान, तो तुमचा. मग त्याच लॉटचे डबे जमतील तेवढे घेऊन ठेवा.

पण ही चाचणी कधी करायची? तुमची सरासरी आठ असेल, म्हणजे ६० नेमांत ४८०, तर महाग छर्र्यानं काहीही बदलणार नाही. चूक छर्र्याची मिलिमीटरभर आणि मनगटाची वीस. आठवड्याला चार दिवस, रोज ६० नेम, वर्षाचे ५० आठवडे धरले तर १२,००० छर्रे होतात, म्हणजे ५०० चे २४ डबे. सरावाला साधे पण चांगल्या कंपनीचे चपटे छर्रे आणि स्पर्धेला तपासलेले, अशी विभागणी केली तर वर्षाकाठी बरीच बचत होते.

डबा पाडू नका. छर्र्याचा मागचा घेर पातळ असतो, तो वाकला की छर्रा भरकटतो. आणि शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर खायचं नाही, घरी गेल्यावर आधी साबणानं हात धुवायचे. मुलांच्या बाबतीत हे दुप्पट कडक पाळा.

त्यापुढे पॉइंट बावीस

हवाई पिस्तूल जमलं की अनेकांना २५ मीटरची ओढ लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. इथे पॉइंट बावीसचं काडतूस, ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅम. काडतूस निवडताना वेगाच्या मागे लागू नका. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, आणि तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो. जास्त जोराच्या काडतुसानं धक्का वाढतो आणि नाजूक पिस्तुलाचे भागही झिजतात. फार मंद असेल, तर पुढचं काडतूस वर चढत नाही. पिस्तूल बनवणाऱ्यानं पुस्तिकेत सुचवलेल्या जातीपासूनच चाचणी सुरू करा. या पिस्तुलाचा रिकामा ट्रिगर ओढताना आत प्लास्टिकचं डमी ठेवा, नाहीतर पिन नळीच्या कडेवर आपटते.

कायद्याचं थोडक्यात. मर्यादित शक्तीच्या ४.५ मिलिमीटर हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट बावीस मात्र बंदूकच आहे, त्याला १९५९ चा शस्त्र कायदा पूर्ण लागू. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, त्याहून लहान नेमबाज क्लबच्या हत्यारावर देखरेखीखाली सराव करतात. परवाना, काडतुसांचा कोटा, आयात, या सगळ्याची वाट राज्य रायफल असोसिएशन आणि स्पर्धेतल्या स्कोअरमधूनच जाते. आडवाट दाखवणारा कुणी भेटला तर तिथूनच मागे फिरा.

एक माहिती तुम्हाला आवडेल. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला हा मराठी माणूस. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते.

या आठवड्यात एकच काम करा. आपल्या शहरातल्या रेंजवर जा आणि तीन गोष्टी विचारा : क्लबचं पिस्तूल वापरायला मिळतं का, शिकवणारा माणूस आठवड्यातून किती दिवस असतो, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग नसताना कुणी लक्ष्याकडे पुढे गेलं तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाला "लगेच फायर बंद" असं उत्तर क्षणात आलं, तर तिथे नाव घाला. उत्तर द्यायला वेळ लागला, तर दुसरी रेंज शोधा. पिस्तुलाचं आपण सहा महिन्यांनी बोलू.