चौपाटी तर पाहूच, पण आधी गिरणगाव पाहू या



गटाची मुंबई सहल निघाली की यादी ठरलेली असते. समुद्र बघायचा, भेळ खायची, फोटो काढायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. महालक्ष्मी सरसला माल घेऊन येणाऱ्या ताईंचंही तसंच होतं. इतके दिवस वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर स्टॉल सांभाळायचा आणि शेवटच्या संध्याकाळी घाईघाईत चौपाटी गाठायची. कुणी टाटा नाहीतर केईएम रुग्णालयात पेशंटसोबत येतं, तिला तर परळच्या त्या दोन रस्त्यांपलीकडे मुंबई दिसतच नाही.

आम्ही करी रोड आणि लालबागच्या चाळींमधल्या बचत गटांचं काम बघतो. चौपाटीला जाऊ नका असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. समुद्राचा वारा सगळ्यांच्या हक्काचा आहे. पण तो संध्याकाळी घ्यायचा. त्याआधीचा दिवस आमच्या भागाला द्या, कारण तुम्ही गावात जे करता, तेच इथल्या बायकांनी खूप आधी केलं आहे, आणि तुम्ही जो माल पिकवता त्याचा बाजारही इथेच दिसतो.

दिवस कुठला निवडायचा?

मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार. बुधवारी राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय बंद असतं. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, गाड्या रखडतात. गणपतीच्या दिवसांत लालबागला दर्शनाची गर्दी इतकी असते की बाकी काही बघता येत नाही. तेव्हा यायचं तर फक्त दर्शनाला या.

पहाटे : दादरचा फूल बाजार

पहाटे साडेपाचला दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. झेंडू, शेवंती, गुलाबाचे ढीग लागलेले असतात. वसईकडून सोनचाफा येतो. आणि नीट बघा, नुसती फुलंच नाहीत. आंब्याचे टाळे, बेल, दुर्वा, केळीची पानं घेऊन बसलेल्या बायका दिसतील. आपल्या बांधावर जे फुकट उगवतं, त्याची इथे जुडी बांधून किंमत होते.

एक काम करा. एकाच फुलाचा किंवा पानाचा भाव आल्याआल्या विचारा आणि निघताना पुन्हा विचारा. नाशवंत मालाचा भाव तासातासाला कसा उतरतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं. प्रशिक्षणात ऐकलेलं विसरतं, हे विसरत नाही.

साडेसातच्या आत दादर सोडा. त्यानंतर ऑफिसची गर्दी सुरू होते. मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने परळ आणि मग करी रोड, दुसरंच स्टेशन. जलद गाडी करी रोडला थांबत नाही, म्हणून चढण्याआधी फलाटावरचा इंडिकेटर वाचा.

सकाळी : चाळी आणि खाणावळी

करी रोडला पूर्वेकडे उतरलं की लालबाग. या सगळ्या पट्ट्याला गिरणगाव म्हणतात. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढे लालबाग, परळ, भायखळा गिरण्यांनी भरून गेलं. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं आली. बायकाही गिरणीत कामाला होत्या. मुंबई प्रांतात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, तो कारखान्यातल्या अशा कामकरी बायकांसाठी. तो व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते.

बरेचसे कामगार घरच्यांना गावी ठेवून एकटेच राहायचे. त्यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बायका. छोट्याशा खोलीत दहा-वीस माणसांचा स्वयंपाक व्हायचा. ही खाणावळ. बाई पहाटेपासून चुलीपुढे, आणि तरी तिला कुणी कामगार म्हणत नव्हतं. पगार झाला की जेवणाचे पैसे मिळायचे. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. संप झाला की कामगाराचा पगार थांबायचा, पण त्याचं जेवण ती थांबवत नसे. कर्ज तिच्या डोक्यावर चढायचं.

प्रेमा पुरव या कामगार चळवळीतल्या कार्यकर्तीने हे पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. खाणावळवाल्या बायकांचे गट केले, एकमेकींची हमी दिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी! आज आपण गटात एकमेकींसाठी सही करतो, ते या खाणावळवाल्या बायकांनी तेव्हाच करून दाखवलं होतं. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. कित्येक घरांत चूल पेटती राहिली ती बायकांनी लाटलेल्या पापडांवर, पोचवलेल्या डब्यांवर आणि धुण्याभांड्यांच्या कामावर. आज गिरण्यांच्या जागी टॉवर दिसतात. लोअर परळला फिनिक्स गिरणी होती, तिथे आता मोठा मॉल आहे. मॉल जरूर बघा, पण ती जागा आधी कशाची होती हे माहीत असू द्या.

चाळीत लोक राहतात, ते काही प्रदर्शन नाही. फोटो काढण्याआधी विचारा. गॅलरीत एखादी आजी बसलेली असली तर तिच्याशी दोन शब्द बोला. खाणावळीच्या आठवणी पुस्तकापेक्षा तिच्याकडे जास्त असतात.

दहानंतर : मिरची गल्ली आणि चिवडा गल्ली

आमच्या बायकांना सगळ्यात आवडेल अशी जागा म्हणजे लालबागची मिरची गल्ली. जाण्याआधीच ठसका लागतो, नाकाला पदर लावा. रंगासाठी ब्याडगी आणि काश्मिरी, तिखटासाठी लवंगी, दोन्हींसाठी संकेश्वरी अशी पोती मांडलेली असतात. शेजारी धणे, दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, मुंबईभरच्या बायका वर्षाचा मसाला करायला इथे येतात. मिरची निवडायची, गरम मसाला भाजून घ्यायचा आणि डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायचा.

आता विचार करा. तयार मसाल्याची पाकिटं प्रत्येक दुकानात मिळतात. तरीही बाई गाडी बदलून, उन्हात रांग लावून इथे का येते? कारण मिरचीचा देठ काढलेला, त्यात भेसळ नाही, हे तिने स्वतः पाहिलेलं असतं. या खात्रीसाठी ती पैसे मोजते. आपल्या गटाचा मसाला विकताना हेच लक्षात ठेवा. पाकिटावर नुसतं ‘घरगुती’ छापून भागत नाही. कुठली मिरची, कधी कुटली, कुणी कुटली हे लिहा. स्टॉलवर अख्खी मिरची वाटीत ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक हातात घेऊन बघेल.

जवळच चिवडा गल्ली आहे. एकाच रस्त्यावर चिवड्याची दुकानं ओळीने, आणि तरी प्रत्येकाचा धंदा होतो. शेजारणीने पापड सुरू केले म्हणून आपले बंद करायचे नसतात, हे इथे समजतं.

दुपारी : राणीची बाग

करी रोडहून पुन्हा धीमी लोकल, चिंचपोकळी आणि मग भायखळा. पूर्वेला थोडं चाललं की वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग. मुलं सोबत असली तर पेंग्विन बघून खूश होतील. तुम्ही झाडं बघा, जुनी आणि दुर्मीळ झाडं आहेत. डबा खायलाही सावली चांगली.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. भाऊ दाजी हे डॉक्टर होते आणि मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या पहिल्या पिढीतले. आत निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीहून आणलेला.

संध्याकाळी : गिरगाव आणि मग समुद्र

भायखळ्याहून बेस्टची बस किंवा चौघींत मिळून टॅक्सी करून गिरगावला जा. रिक्षा शोधू नका, मुंबई शहराच्या या भागात रिक्षा चालतच नाहीत. गिरगावातच १५ मार्च १९५९ला सात जणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले, ८० रुपये उसने घेऊन. त्याचं पुढे लिज्जत झालं. देणगी घ्यायची नाही आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, हा त्यांचा नियम. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

इथून चौपाटी पायी जाता येते. बसा वाळूवर, खा भेळ. परत जायला चर्नी रोड स्टेशन जवळ आहे. सरसवाल्या ताईंनी तिथून वांद्र्याची गाडी धरावी, पण ऑफिस सुटायची गर्दी ओसरू द्या.

निघण्याआधी

बायकांच्या डब्यातच चढा. कुणी मागे राहिली तर तिने त्याच स्टेशनवर थांबायचं, बाकीच्यांनी परत यायचं, हे आधीच ठरवा. दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकीच्या कमरेला द्या, मोबाईलची बॅटरी संपते. सगळे पैसे एकीकडे ठेवू नका. रेल्वेत मदत लागली तर १३९, इतर कुठेही ११२. स्वच्छतागृहासाठी सुटे पैसे जवळ असू द्या आणि त्या भीतीने पाणी पिणं सोडू नका. गावापासून एसटीने येणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहेच.

पेशंटसोबत आलेल्या ताईला पूर्ण दिवस जमणार नाही. पण केईएम किंवा टाटापासून लालबाग लांब नाही. कुणी तासभर पेशंटजवळ बसणारं असेल तर ती मिरची गल्लीपर्यंत जाऊन येऊ शकते. तेवढ्यानेही जीव जरा हलका होतो.

आणि परत गेल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकच गोष्ट सांगायची: तिथे पाहिलेलं आपण आपल्याकडे काय करू शकतो? सचिवाने ते इतिवृत्तात लिहायचं. सहलीचा खर्च गटाच्या पैशातून झाला असेल, तर घरी आणि गावात ‘फिरायला गेल्या’ म्हणणाऱ्यांना दाखवायला तोच हिशेब पुरेसा आहे.

करी रोडला उतरलात तर आमच्याकडे चहा ठरलेला. नमस्कार.