‘नाही’ म्हणणारा थेंब

तलासरीच्या एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात कुणाला थंडीताप भरला की आशाताई येतात, बोटाला सुई टोचतात आणि काचपट्टीवर रक्त घेतात. एक जाड ठिपका आणि शेजारी एक पातळ, पसरट लेप. पट्टी वाळते, तिच्यावर क्रमांक पडतो आणि ती प्रयोगशाळेत जाते. तिथला तंत्रज्ञ लेप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे परजीवी शोधतो. दिसले तर तसे लिहितो. नाही दिसले तर तेही स्पष्ट लिहितो : आढळले नाहीत.

या ‘नाही’कडे आपले लक्ष जात नाही. पण आधुनिक वैद्यकाची सगळी पत याच शब्दावर उभी आहे. शंभर वर्षांपूर्वी रक्ताच्या अशाच एका थेंबावर वेगळेच वैद्यक उभे राहिले होते. त्याने संस्था काढल्या, महाविद्यालय काढले, हजारो वैद्य तयार केले. त्याच्या यंत्रांना ‘नाही’ हा शब्द मात्र कधी उच्चारता आला नाही. त्या वैद्यकाचे नाव रेडिओनिक्स. आज ‘ऊर्जाचिकित्सा’ म्हणून जे काही विकले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ तिथे सापडते.

पश्चिमेकडे तोंड करून उभा माणूस

सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट अब्राम्स (१८६३–१९२४) हे भोंदू म्हणून जन्माला आलेले गृहस्थ नव्हते. त्यांनी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले होते आणि कूपर मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवले होते. पुढे त्यांनी एक सिद्धान्त मांडला. प्रत्येक रोगाची स्वतःची कंपने असतात, ती रुग्णाच्या रक्तातही उतरतात आणि विद्युतरोधाच्या ओहम या एककात मोजता येतात, असे तो सांगत होता.

तपासणीची रीत अशी : टिपकागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका ‘डायनामायझर’ नावाच्या पेटीत ठेवायचा. पेटीची तार एका निरोगी माणसाच्या कपाळाला लावायची. त्या माणसाने कमरेपर्यंत उघडे होऊन, मंद उजेडात, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. मग अब्राम्स त्याच्या पोटावर बोटांनी ठोकत आणि आवाज कुठे बदलतो यावरून दूरच्या रुग्णाचा रोग सांगत. रक्तावरून रुग्णाचा धर्मही कळतो, असा त्यांचा दावा होता. उपचारासाठी ‘ऑसिलोक्लास्ट’ नावाची दुसरी पेटी होती. ती भाड्याने मिळे, मोहोरबंद असे आणि उघडायची नाही ही अट असे.

लोकांनी विश्वास का ठेवला? कारण तो काळच अदृश्य गोष्टींचा होता. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, पाठोपाठ रेडियम आणि बिनतारी संदेश आले. न दिसणारे किरण हाडांचे चित्र काढत होते. मग न दिसणारी कंपने रोग का सांगणार नाहीत? आज ‘क्वांटम’ हा शब्द जे काम करतो, ते तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द करत होता.

एका डॉक्टरने अब्राम्सकडे निरोगी कोंबड्याचे रक्त पाठवले. उत्तरात हिवताप, मधुमेह, कर्करोग आणि गुप्तरोगही आले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाने १९२३ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. अब्राम्सच्या पद्धतीने काम करणाऱ्या एका डॉक्टरला रोगजंतूंच्या सहा कुप्या दिल्या. सहाही उत्तरे चुकली. लेबलांवरच्या लाल शाईमुळे कंपने बिघडली, अशी सबब आली. लेबले बदलून पुन्हा प्रयोग केला आणि उत्तरे पुन्हा चुकली. १९२४ च्या जानेवारीत अब्राम्स न्यूमोनियाने वारले आणि त्याच वर्षी चौकशी समितीने ही पद्धत निराधार असल्याचा निकाल दिला.

त्याच १९२४ मध्ये विलेम आइन्थोव्हेन यांना हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे आपला ईसीजी, यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. शरीरात वीज आहे, हे खरेच आहे. ती मिलिव्होल्टमध्ये मोजता येते, कोणत्याही गावच्या कोणत्याही यंत्रावर मोजता येते आणि हृदय बंद पडले की कागदावर सरळ रेषा येते. ईसीजीला ‘नाही’ म्हणता येते.

माणूस गेला, संस्था उरली

अब्राम्स गेल्यावर हे प्रकरण संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण मागे संस्था होती. तीच पुढे ‘इलेक्ट्रॉनिक मेडिकल फाउंडेशन’ झाली. रक्ताचा ठिपका टपालाने पाठवायचा, निदान टपालाने यायचे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिची परीक्षा घेतली. पाय कापलेल्या माणसाचे रक्त पाठवले, तर नसलेल्या पायाच्या घोट्यात संधिवात निघाला. मृताचे रक्त पाठवले, तर त्याला आतड्याचा दाह होता. अकरा आठवड्यांच्या कोंबड्याला सायनसचा विकार आणि किडलेले दात निघाले. ‘हे रक्त माणसाचे नाही’, एवढे एक वाक्य त्या पेटीला सांगता आले असते, तर ती निदान विचार करण्याजोगी तरी ठरली असती. १९५४ मध्ये न्यायालयाने संस्थेला मनाई केली.

लॉस एंजेलिसमध्ये रूथ ड्राऊन या कायरोप्रॅक्टर बाईंनी अशीच यंत्रे चालवली. शिकागो विद्यापीठात त्यांची परीक्षा झाली. दहा नमुने ठेवले होते. तीन तपासून त्या थांबल्या. उजव्या फुप्फुसाच्या क्षयरोग्याला त्यांनी डाव्या स्तनाचा पसरलेला कर्करोग सांगितला होता. १९५१ मध्ये त्या दोषी ठरल्या. त्या खटल्याच्या मुळाशी एक स्त्री होती. छातीत गाठ असताना ती शस्त्रक्रिया सोडून यंत्रावर विसंबली आणि त्यात तिचा उपचाराचा काळ निघून गेला.

इंग्लंडमध्ये १९४३ मध्ये ‘रेडिओनिक असोसिएशन’ स्थापन झाली. ऑक्सफर्डच्या जॉर्ज डी ला वॉर यांच्या काळ्या पेट्या प्रसिद्ध झाल्या. १९६० मध्ये एका ग्राहक बाईने त्यांना न्यायालयात खेचले. न्यायाधीशांनी डी ला वॉर यांची श्रद्धा प्रामाणिक मानली आणि ते सुटले. हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. माणूस मनापासून बोलतो म्हणून फसवणुकीचा आरोप टळू शकतो, पण त्याने यंत्र खरे ठरत नाही. ही यंत्रे वापरताना चिकित्सकाची बोटे पेटीवरच्या रबरावर फिरतात आणि योग्य आकड्याला ‘चिकटतात’. ती चिकटवतो चिकित्सकच, त्याच्या नकळत. लोलक स्वतः हलतो असे वाटते तेव्हा आपलाच हात तो हलवत असतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी १८३३ मध्येच लिहून ठेवले होते.

रेडिओनिक्सवाले रुग्णाच्या केसाला किंवा रक्ताच्या ठिपक्याला ‘साक्षीदार’ म्हणतात. शब्द नेमका आहे. उणीव इतकीच, की या साक्षीदाराची उलटतपासणी ते कधी होऊ देत नाहीत.

याच रुळांवर पुढे बडोदे

भारतातही असेच घडले. डहाणू रोडवरून गुजरातकडे जाणारी गाडी पुढे बडोद्याला पोहोचते. सयाजीराव गायकवाडांच्या राज्याने तिथे प्राच्यविद्या मंदिर उभारले आणि डॉ. विनयतोष भट्टाचार्य त्याचे संचालक झाले. संस्कृत पंडित हरप्रसाद शास्त्री यांचे हे पुत्र. बौद्ध मूर्तिशास्त्रावरचे त्यांचे काम आजही आधाराला घेतले जाते. याच विद्वानाने पुढे रत्नचिकित्सा आणि ‘टेलिथेरपी’ यांवर पुस्तके लिहिली. रत्नांतून विश्वकिरण निघतात, रत्ने बसवलेली चकती विजेच्या मोटरवर रुग्णाच्या छायाचित्रासमोर फिरवली तर दूरवरही उपचार पोहोचतो, अशी त्यांची मांडणी होती. अब्राम्सचा रक्ताचा ठिपका इथे छायाचित्र झाला.

एवढा व्यासंगी माणूस इकडे कसा वळला? पोथीचा पाठ शुद्ध करायला ते दहा हस्तलिखिते ताडून पाहत असत. तीच शिस्त चकतीला लावायची, तर काही रुग्णांसमोर ती फिरवायची, काहींसमोर न फिरवता फक्त तसे सांगायचे आणि मग दोन्हींची तुलना करायची. विद्वत्ता एका क्षेत्रातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. तपासण्याची सवय प्रत्येक ठिकाणी नव्याने लावावी लागते.

कायद्याची बाजूही वाचकाला माहीत हवी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात इलेक्ट्रोपॅथी, इलेक्ट्रोहोमिओपॅथी, चुंबकचिकित्सा, रेकी, प्राणिक हीलिंग, रत्नचिकित्सा आणि रंगचिकित्सा यांना स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून मान्यता नाकारली गेली. मान्यता नसलेल्या पद्धतींचे पदवी-पदविका अभ्यासक्रम चालू नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या चिकित्सकांनीच लावावी, हेही त्यात आहे. तरी भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रे दिसतात. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आहे. त्याखाली भजनी मंडळाचीही नोंदणी होते. त्या नोंदणीने संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते, उपचार चालतो की नाही ते कळत नाही. पेटंटचेही तसेच. गॅलन हायरोनिमस यांच्या रेडिओनिक यंत्राला १९४९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते.

त्याच १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तावर खरोखर वीज वापरली. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, हे त्यांनी दाखवले. एखादा रोग एका रेणूतल्या बदलाने होतो, याचा तो पहिला ठोस पुरावा होता. आज महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी होते, तिचा पक्का निर्णय देणाऱ्या चाचण्यांत याच तत्त्वाची इलेक्ट्रोफोरेसिस आहे. रक्ताचा थेंब आणि वीज, साहित्य तेच. पण पॉलिंग यांची पद्धत कुणीही करून पाहू शकत होता आणि ती चुकली असती तर ते कुणालाही दिसले असते.

भगत, पेटी आणि घड्याळ

डहाणू-तलासरीत आजारपणात भगताकडे जाण्याची रीत जुनी आहे. भगत तांदळाचे दाणे पाहतो, देवाला विचारतो. शहरातल्या माणसाने यावर नाक मुरडण्याआधी मनगटातले चुंबकीय कडे आणि गळ्यातले ‘ऊर्जा’ लॉकेट पाहावे. दाण्यांत आणि पेटीत पुराव्याच्या दृष्टीने फरक नाही. फरक असलाच तर तो भगताच्या बाजूचा आहे : तो त्याच पाड्यावर राहतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. त्याच्याकडे झाडपाल्याचे ज्ञानही असते आणि ते प्रयोगशाळेत तपासून पाहता येते.

पण काही आजारांत घड्याळ चालू असते. भाताच्या खाचरात मण्यार किंवा घोणस चावली, तर शरीराबाहेरची कोणतीही ऊर्जा रक्तात मिसळलेले विष निष्प्रभ करत नाही. ते काम प्रतिसर्पविष करते. घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये विषाच्या रेणूंना जाऊन चिकटतात. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते आणि जितके लवकर मिळेल तितके उपयोगी पडते. डहाणू तालुक्यात आदिवासी कुटुंबे, भगत, सर्पमित्र आणि आरोग्य कर्मचारी या सगळ्यांचे म्हणणे ऐकून केलेला सर्पदंशावरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भगताला बाजूला न सारता त्याचेही ऐकणे, हे त्यातले मोठेपण. त्याने ‘आधी दवाखान्यात ने, मग माझ्याकडे ये’ म्हटले, तर ते शंभर भित्तिपत्रकांहून भारी ठरेल. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. तो आला त्यांच्या हत्येनंतर.

एक पुठ्ठा आणि एक नाणे

मग ओळखायचे कसे? त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेतल्या एमिली रोझा या मुलीने नऊ वर्षांची असताना एक प्रयोग केला. हाताजवळची ‘ऊर्जा’ जाणवते असे सांगणाऱ्या २१ चिकित्सकांना तिने पुठ्ठ्याच्या पडद्यातून दोन्ही हात पुढे करायला लावले. नाणे उडवून ती ठरवी की आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ धरायचा. त्यांनी तो ओळखायचा. २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजाने निम्मी यायला हवी होती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे जे काम सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलाने हाताने करून, डोळ्यांनी पाहून शिकावे, साधने आसपासचीच असावीत, हा त्यांचा आग्रह होता. एमिलीचा प्रयोग त्या परंपरेत सहज बसतो. डहाणू-तलासरीच्या प्रत्येक शाळेत तो व्हावा, कारण पुठ्ठा आणि नाणे सगळीकडे मिळते. उद्या कुणी आठवडी बाजारात मिनिटात सगळे रोग सांगणारे यंत्र मांडले, तर ज्या मुलीने हा प्रयोग केला आहे ती आपोआप विचारेल : नाव न सांगता माझ्या आईला दोनदा तपासाल? दोन्ही वेळा तेच उत्तर येईल?

हिवतापाच्या झटपट चाचणीच्या पट्टीवर ‘सी’ अक्षरापाशी एक रेघ असते. ती उमटली नाही तर पट्टी निकामी समजून टाकून द्यायची आणि दुसरी घ्यायची. म्हणजे ही चाचणी, ‘आज माझ्यावर विसंबू नका’, हेही स्वतःच सांगते. शंभर वर्षांच्या इतिहासात एकाही काळ्या पेटीवर अशी रेघ नव्हती.

काचपट्टीवर ‘आढळले नाहीत’ असे आले, म्हणजे ताप खोटा ठरला असे नव्हे. डॉक्टर मग डेंग्यू पाहतात, लेप्टो पाहतात, विषमज्वर पाहतात. पहिल्या थेंबाने ‘नाही’ म्हटले म्हणून दुसरा थेंब घेतला जातो, आणि तापलेल्या लेकराचा खरा आजार शोधायला उसंत मिळते.