टाळेबंदीतील मन

दिनांक 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटांनी चेन्नईची किनारपट्टी उद्ध्वस्त केली. डिसेंबर 2015 मध्ये महापुराने शहराचे कित्येक भाग पाण्याखाली गेले. पुढच्याच वर्षी ‘वरदा’ चक्रीवादळाने हजारो वृक्ष उन्मळून पाडले आणि 2019 च्या उन्हाळ्यात येथील नागरिक घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभे होते. संकटांची अशी सवय जडलेल्या या महानगराला 2020 च्या महामारीने मात्र निराळ्याच कसोटीस लावले. महापुरात मच्छीमार आपल्या होड्या घेऊन गल्लीबोळांत शिरले होते आणि अनोळखी माणसांसाठी घरांची दारे उघडली होती. या वेळी माणसाने माणसाजवळ जाणे हाच धोका ठरला.

भीतीने मने किती आक्रसतात, याचा प्रत्यय एप्रिल 2020 मध्ये आला. चेन्नईतील मज्जाशल्यविशारद डॉ. सायमन हर्क्युलिस यांचा कोविडने मृत्यू झाला. आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या या डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला, रुग्णवाहिकेवर दगडफेक झाली आणि अखेर एका सहकारी डॉक्टरांनी मोजक्या माणसांच्या मदतीने रात्री त्यांचे दफन उरकले. अशा अडथळ्यांना शिक्षेची तरतूद करणारा वटहुकूम तमिळनाडू शासनाने त्याच महिन्यात काढला. कायद्याने दफनभूमीची वाट मोकळी झाली. परंतु निरोप न घेता आल्याचे शल्य घरोघरी राहिलेच. चार माणसे जमून रडण्याची, तेराव्याला एकत्र बसून गेलेल्याच्या आठवणी काढण्याची रीत आपल्या समाजाने उगाच घालून दिलेली नाही.

दुसरा ताण होता उपजीविकेचा. संसर्गाचे केंद्र ठरलेला कोयंबेडूचा प्रचंड भाजीबाजार 5 मे 2020 रोजी बंद झाला. भाजीचा घाऊक व्यापार तात्पुरता तिरुमळिसै येथे हलविण्यात आला आणि कोयंबेडू पुन्हा उघडण्यास सप्टेंबरची अखेर उजाडली. हातगाडीवाले, हमाल, छोटे व्यापारी यांच्या दृष्टीने ते पाच महिने म्हणजे एक युगच होते. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना दिलेली सवलत 31 ऑगस्ट 2020 पर्यंत वाढविली, हे वाचकांना स्मरत असेल. हप्ता पुढे गेला, तरी व्याजाची आकारणी सुरूच होती. मनातल्या मनात दडपलेल्या चिंतेचा हिशेबही काहीसा असाच चालतो.

या चिंतेवर काय करावे, याचे एक उत्तर चेन्नईने त्सुनामीनंतरच शोधून ठेवले होते. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 मध्ये येथे ‘स्नेहा’ ही आत्महत्या-प्रतिबंधक संस्था स्थापन केली. तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक विनामूल्य व गोपनीयता राखून समोरच्याचे म्हणणे ऐकतात. उपदेश करीत नाहीत आणि चूक-बरोबर ठरवीत नाहीत. त्सुनामीत आप्त गमावलेल्या किनाऱ्यावरील कुटुंबांना प्रशिक्षित स्वयंसेवक नियमित भेटत राहिले. अशा भेटी न मिळालेल्या दुसऱ्या वस्तीशी त्यांची तुलना केल्यावर भेटी मिळालेल्यांमधील मानसिक क्लेश कमी झाल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे स्वयंसेवक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

महामारीने नेमकी ही शेजारी जाऊन बसण्याची वाट बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्येच ‘सामाजिक अंतर’ या शब्दाऐवजी ‘शारीरिक अंतर’ असे म्हणण्याचा आग्रह धरला, त्यामागचा विचार हाच होता. अंतर देहांत ठेवायचे होते, संबंधांत नव्हे. म्हणून दूरध्वनीचे मोल वाढले. चौकशीसाठी केलेल्या फोनवर पहिली पाच मिनिटे हवापाण्याची आणि औषधांच्या किमतीची जातात. खरे बोलणे त्यानंतर सुरू होते. ऐकणाऱ्याने ‘सगळे ठीक होईल’ असे घाईने म्हटले, की तेही थांबते. झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळा आणि बातम्या पाहण्यावर मर्यादा या गोष्टी उपयोगी आहेतच; पण ज्याची झोपच आठवडेच्या आठवडे उडाली आहे किंवा ज्याला जगणे नकोसे वाटते आहे, त्याला केवळ वेळापत्रक देऊन भागत नाही. तेथे तज्ज्ञांचीच मदत घ्यावी लागते आणि ती घेण्यात संकोचण्यासारखे काही नाही. मधुमेहाची गोळी घेताना कोणी लाजत नाही.

महामारीच्या या अनुभवानंतर केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. घरातील दूरध्वनीजवळ गॅस आणि रुग्णवाहिकेचे क्रमांक लिहून ठेवलेले असतात, त्यांच्याच खाली हाही लिहून ठेवता येईल.