मोडीच्या भावावर 280 रुपये

पहाटे 5.45
कोल्हापूर. शिवाजी पेठेतल्या एका बोळात मोपेड उभी आहे. सून डिकी भरतेय. टॉर्च, लोहचुंबक, टांगायचा डिजिटल काटा, सुतळी, दोन पोती, जुन्या धोतराची फडकी. पैसे दोन ठिकाणी. 5,000 तिच्या पर्समध्ये, 3,000 मामांच्या आतल्या खिशात.

मामा म्हणजे तिचे सासरे. वय 68. उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात टर्नर होते. पीएफची पेन्शन महिन्याला 2,140 रुपये येते. सून आठवडाभर एका पतसंस्थेत कॅशियर. नवरा गोकुळ शिरगावला रात्रपाळीला, तो अजून यायचाय. रविवार सासरे-सुनेचा. जुन्या वस्तू शोधायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. माझ्यासाठी अट एकच, नाव छापायचं नाही.

"नाव छापलं की लोक माळ्यावरचं सगळं सोन्याच्या भावानं सांगत्यात," मामा म्हणतात.

6.20
लक्ष्मीपुरी. रविवारचा बाजार भरतोय. भाजीच्या पाट्या उतरतायत. कडेला पोती अंथरून जुना माल मांडलाय. पाने, तोट्या, सायकलच्या चेनी, मोबाइलचे चार्जर. किल्ली नसलेली कुलपं आणि कुलूप नसलेल्या किल्ल्या. त्यातच पितळी तांब्या, स्टोव्हची टाकी, रेडिओचं नुसतं खोकं.

पहिली फेरी मामांची. हात मागे बांधून चालतात. कशालाही हात लावत नाहीत. हात लागला की भाव चढतो. दुसरी फेरी सुनेची. ती वाकते, उचलते, विचारते.

एक अडकित्ता छान दिसतो. ती चुंबक लावते. चिकटतो. लोखंडाला पितळेचं पाणी दिलेलं. परत ठेवला.

मग एक लोखंडी वजन. अच्छेर. शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. त्याचा हा निम्मा. 1958 पासून किलो-ग्रॅम येत गेले आणि ही वजनं दुकानांतून उठली. भंगारात याचे 15 रुपयेही येणार नाहीत. विकणारा 200 सांगतो. सून 120 ला घेते. कागदावर ठेवायला लोक घेतात. या बाजारात वजन तेवढं वजनावर विकलं जात नाही.

6.55
तांब्याचा बंब. टमाट्यांच्या क्रेटमागे आडवा पडलाय. काजळीनं काळा. खालची जाळी गंजलेली. तोटी आहे, पण फिरत नाही.

"काय गा, कितीला?"

"मामा, साडेचार हजार. तांबं हाय."

सून जाळी काढून बाजूला ठेवते. लोखंड तांब्याच्या भावानं कोण घेणार? बंब काट्याला टांगला. 6 किलो 200 ग्रॅम. मोडीचा आजचा भाव 600 धरला तर 3,720. हा आकडा तिघांनाही माहीत आहे. भंगारवाला एवढे उभ्या उभ्या देईल, आणि संध्याकाळी बंब ठोकून चपटा होईल. मामांना तो अख्खा हवा असेल तर वर काहीतरी द्यावंच लागतं.

मामा बंबाच्या खांद्यावर अंगठा फिरवतात. काजळीखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत. आडनाव पुसट. साल वाचता येतं, 1938. मामा काही बोलत नाहीत. सुनेकडेही बघत नाहीत.

"गळतोय ह्यो," ती म्हणते. "बुडाला डाख सुटलाय. 3,800."

4,000 ला ठरलं. मोडीच्या भावावर 280 रुपये.

7.40
एक माणूस मामांना बाजूला घेतो. पिशवीत पोतं, पोत्यात दगडाची मूर्ती. हातभर. नाक झिजलेलं. "शेतात सापडली," म्हणतो.

मामा हात खिशातून काढतच नाहीत. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती म्हणजे पुरावस्तू. कायदा 1972 चा. ठेवायची तर नोंदणी, धंदा करायचा तर परवाना. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडन, रोमन बनावटीचा तो कांस्याचा समुद्रदेव, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. असल्या वस्तूंची जागा तिथं.

"तहसीलदाराकडं दे," मामा म्हणतात. माणूस पिशवी उचलून निघून जातो. तहसील कचेरीच्या दिशेनं नाही.

तीन चहा, 30 रुपये. सून उभ्या उभ्या वहीत लिहिते.

8.30
बंब मोपेडवर बसत नाही. रिक्षा, 100 रुपये. मामा बंब मांडीत घेऊन बसतात. मी शेजारी. बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खरी कॉर्नर. इथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा.

मामांना हा इतिहास तोंडपाठ. आनंदराव आणि बाबूराव, नात्यानं भाऊ. दोघंही पडदे रंगवणारे. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला. आधी त्यावर सिनेमे दाखवले. मग स्वतःचा कॅमेरा करायला बसले. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. 1920 चा 'सैरंध्री' बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा.

"त्या कॅमेऱ्याचे दाते कुणी पाडले असतील?" मामा विचारतात. "फिलमच्या भोकात बसणारं चक्र. सुताचा फरक पडला तर फिलम फाटतीया." टर्नरला पडणारा प्रश्न. रिक्षावाला वळून स्तंभाकडे बघतो आणि हॉर्न वाजवतो.

9.15
मंगळवार पेठेत एक वाडा रिकामा होतोय. पुढच्या महिन्यात पाडणार. पुतण्यानं फोन केला होता. माळ्यावर चढायला शिडी. मामांचे गुडघे नाही म्हणतात, म्हणून सून चढते. खाली एकेक वस्तू येते. मोडका पाळणा, लोणच्याच्या बरण्या, रद्दी, गाद्या. गादीत गुंडाळलेली एक काळी पेटी.

एचएमव्हीचा पोर्टेबल ग्रामोफोन. 101 नंबरचा. 1925 ते 1931 या काळात निघालेलं मॉडेल. रेक्झिन कोपऱ्यांना फाटलंय. हँडल आहे. मामा ते अर्धा वेढा फिरवतात आणि थांबतात. स्प्रिंग ताण धरते. तुटलेली नाही. मग चेहऱ्यावर काही येऊ न देता पेटी बंद करतात.

पुतण्या मोबाइलवर फोटो दाखवतो. चकचकीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन, किंमत 15,000.

"भोंगा कालचा, कुत्रं परवाचं," मामा सांगतात. नव्या भोंग्याला जुनी मोटर जोडून, वर एचएमव्हीचं चित्र चिकटवून विकलेला माल. "तुमचा खरा हाय. पण मुका हाय."

2,800 वर सौदा. सोबत सहा रेकॉर्डी फुकट. पुतण्याची आत्या खाटेवर बसून बघतेय. "वाजला तर कळवा," एवढंच म्हणते.

11.00
उद्यमनगर. मामांच्या जुन्या सोबत्याचा लेथ. पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचा आणि तापलेल्या किसाचा वास. बंबाची तोटी ठोकून, तेल सोडून मोकळी केली. आतला खुंटा एका बाजूनं झिजलाय. नवा करायचा. पितळेची गोल सळई, 160 रुपये.

मामा चष्मा बदलतात. सळई चकमध्ये धरली. टूल लावलं. पिवळा कीस वेटोळी घेत खाली पडतो. व्हर्नियर लावतात, पुसतात, परत लावतात. खुंटा निमुळता, तोटीच्या पोटाशी जुळणारा. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं फिरवत बसायचं. फिरव, पूस, बघ. चाळीस मिनिटं.

सोबती मजुरी घेत नाही. मामाही विचारत नाहीत. लेथ अडला की तो मामांनाच हाक मारतो.

12.50
घरी. रविवार, त्यामुळं तांबडा-पांढरा आहे. मामांचा मुलगा उठलाय. तो पेटी बघतो, बंब बघतो आणि आईकडे बघतो. आई म्हणते, "माझा हंडा स्टीलवालीला दिला तवा कुणी अडवलं न्हाई." सगळे जेवतात.

1.45
परडं. बंबाला चिंचेचा कोळ आणि मीठ. काजळी आधी राखेनं निघाली. आता तांबं गुलाबी दिसायला लागलं. सून घासते. हातमोजे घातलेत, तरी कोपरापर्यंत काळी.

इथं दोघांचं रोजचं भांडण. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते, असं सुनेचं म्हणणं. हुपरीला चांदीवाल्यांकडे बफिंगची मोटर असते, दहा मिनिटांत आरसा होतो. मामा ऐकत नाहीत. बफ लावला की हातोडीचे ठोके जातात. ठिपक्यांची अक्षरं जातात. मग 1938 चा बंब आणि गेल्या वर्षीचा बंब सारखेच.

"पन विकला तर पायजे न्हवं, मामा?"

"इकल की."

आता डाख. बूड उलटं करून सांधा पॉलिशपेपरनं खरवडला. नवसागर टाकला. पांढरा धूर, डोळ्यांत पाणी. तापलेलं टोक सांध्यावरून फिरतं आणि कथील-शिशाचा डाख भेगेत धावतो. माल 140 रुपयांचा. सांधा का सुटला होता, तेही मामा सांगतात. कुणीतरी पाणी न भरता बंब पेटवला. हा डाख 183 अंशांच्या आसपास वितळतो. आत पाणी असेल तोवर तांबं तेवढं तापत नाही. कोरडा पेटवला की गेला.

बंब पाण्यानं भरला. खाली वर्तमानपत्र. तासाभरानं बघायचं.

4.10
ग्रामोफोन. आधी स्प्रिंग पूर्ण सोडायची. ताणलेली असताना डबी उघडली तर पट्टी बाहेर उसळते. मामांच्या तळहातावर तसला जुना व्रण आहे. आतलं ग्रीस वाळून डांबर झालंय. डिझेलनं धुतलं. नवं ग्रीस, 80 रुपये. गव्हर्नरची तिन्ही वजनं मोकळी केली.

साउंडबॉक्स सुनेचा. तिची बोटं बारीक. आत अभ्रकाची चकती, कडेला रबराच्या कड्या. रबर दगड झालंय. ती टाचणीनं तुकडे काढते. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब 20 रुपयांना आणलीय, ती कापून दोन्ही बाजूंना बसवते. चकती ना आवळायची, ना सैल ठेवायची. याला माप नाही. दोनदा उघडून परत लावते.

रेकॉर्डी ओल्या फडक्यानं पुसायच्या. स्पिरिट लावायचं नाही. त्या लाखेच्या, स्पिरिटमध्ये विरघळतात.

5.30
वर्तमानपत्र कोरडं. तोटी बोटानं फिरते. मामा दुसऱ्यांदा हात फिरवून बघतात.

6.30
पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टचा माणूस आलाय. गेल्या महिन्यात तयार केलेलं घंगाळ न्यायला. त्यात पाणी भरून फुलं सोडणार आहेत. त्याला आजचा बंबही दिसतो.

"हे नाव घालवता येईल का? दुसऱ्याचं नाव आमच्या लॉबीत बरं दिसत नाही."

सून मामांकडे बघते. मामा फडकं पिळत असतात. "नाव हाय म्हणून 6,500," ती म्हणते. "नाव घालवायचं असलं तर आमी देत न्हाई." दुपारी ती याच्या उलट बोलत होती.

माणूस विचार करून सांगतो म्हणतो. घंगाळाचे 5,200 देतो. गाडीत चढवायला मामा हात लावतात.

7.45
नवी सुई. पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची, नाहीतर रेकॉर्ड कुरतडली जाते. रेकॉर्डखाली कागदाचा कपटा अडकवून मामा मोबाइलच्या घड्याळावर फेरे मोजतात. मिनिटाला 78 हवेत. 74 भरतात. स्क्रू पाव वेढा. परत मोजतात.

सुई टेकली. खरखर, मग पेटी, मग एका बाईचा आवाज, नाकात गाणारा, स्वच्छ. तीन मिनिटांत बाजू संपते. सून ते रेकॉर्ड करून वाड्यातल्या पुतण्याला पाठवते, आत्याला ऐकवा म्हणून. त्याचं उत्तर लगेच येतं: "आता किती येतील?"

9.10
वही. खर्च: अच्छेर 120, बंब 4,000, चहा 30, रिक्षा 100, ग्रामोफोन 2,800, सळई 160, डाखाचा माल 140, ग्रीस 80, ट्यूब 20, पेट्रोल 60. एकूण 7,510. जमा 5,200. आज घरातून गेले 2,310.

घंगाळाचा हिशेब वेगळ्या पानावर. घेतलं 3,600 ला, वर खर्च 350. उरले 1,250. दोघांचे मिळून 15 तास. हा तासांचा रकाना सुनेनं या वर्षी आखला. भागाकारही तीच करते: तासाला 83 रुपये. मामा म्हणतात, कारखान्यात शेवटी याहून कमी पडत होते.

तुमच्या घरात जुना बंब असेल आणि काढायचाच असेल, तर मामांनी सांगितलेलं एवढं करा. वजन स्वतः करा. लोखंडी जाळी आधी वेगळी काढा. कोरलेलं नाव आणि साल वाचून कुठंतरी लिहून ठेवा. आणि मोडीच्या भावावर दोन-तीनशे जास्त मागा. ज्याला तो अख्खा हवा आहे, तो देतो.