पॅकेटचा पदच्छेद

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या परिसरात लोखंड-पोलादाचे अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या फाटकाशी मालमोटार आली म्हणजे पहारेकरी चलान पाहतो; परंतु चलानावर लिहिलेल्या वजनावर विसंबून माल उतरवून घेतला जात नाही. मोटार आधी वजनकाट्यावर चढते. संगणकजालाच्या दारावरही असाच एक पहारेकरी असतो. २०१७ साली त्याच्या कामात जे दोष आढळले, ते समजून घेण्यास हा वजनकाटा उपयोगी पडतो.

जालात शिरू पाहणारा मनुष्य कोण, त्याला प्रवेश द्यावा की नाही, हे ठरविण्याच्या एका सर्वमान्य पद्धतीस ‘रेडियस’ म्हणतात. तिचा उगम १९९१ साली अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीत झाला. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘फ्रीरेडियस’ ही तिची मुक्त-स्रोत आज्ञावली जगभर वापरली जाते. मुंबईच्या आय. आय. टी.चा विद्यार्थी परगावच्या विद्यापीठात जाऊन आपल्याच परवलीच्या शब्दाने ‘एड्युरोम’ जाल वापरतो, तेव्हा त्यामागे रेडियसच काम करीत असते.

विचारणेचा प्रत्येक निरोप एका पॅकेटातून येतो. त्याचे शीर्षक २० बाइटांचे असते. पुढे एकामागून एक नोंदी येतात. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट तिचा प्रकार सांगतो, दुसरा तिची लांबी आणि उरलेले बाइट म्हणजे मजकूर. लांबीत हे पहिले दोन बाइटही धरलेले असल्याने ती २ पेक्षा कमी असूच शकत नाही. बाइटांच्या या सलग ओळीतून नोंदी वेगळ्या काढणे म्हणजे पार्सिंग. व्याकरणातला पदच्छेद तो हाच.

आता लांबीचा आकडा कोण लिहितो? पॅकेट पाठविणारा! नोंदीत १० बाइट असताना त्याने ६० लिहिले आणि वाचणाऱ्याने ते खरे मानले, तर तो पॅकेटाची सीमा ओलांडून स्मृतीतील भलताच मजकूर वाचू लागेल. लिहिण्याचे काम असेल तर शेजारची माहिती पुसून टाकील. शून्य लिहिले तर आणखीच चमत्कारिक प्रकार होतो. पुढची नोंद शोधण्यास वाचक शून्य पावले चालतो, म्हणजे तेथेच उभा राहून तीच नोंद पुन्हा पुन्हा वाचतो.

फ्रीरेडियसचे कर्ते इतके भोळे नव्हते. बाहेरच्या नोंदींची लांबी तेथे तपासली जातच होती. चूक राहिली ती आतल्या कप्प्यांत. काही नोंदींच्या पोटात लहान नोंदी असतात. पोत्याचे वजन झाले, पण आतल्या पुड्या कोणी मोजल्या नाहीत, असा हा प्रकार. वायमॅक्स जालाच्या नोंदी व डीएचसीपीचे उपपर्याय वाचणाऱ्या भागांत सीमा ओलांडली जात होती. मोठा मजकूर तुकड्यांनी आला असता ते तुकडे सांधणाऱ्या भागात तर न संपणारे आवर्तन सुरू होऊन स्मृतीच संपून जाई. ही वाचनक्रिया पाहुण्याची ओळख पटण्यापूर्वी होते, हे विसरता कामा नये.

हे दोष गिडो व्रॅन्केन या संशोधकाने ‘फझिंग’ने शोधले, तेही फ्रीरेडियसच्या चमूच्याच विनंतीवरून. या रीतीत यंत्राकरवी वेडीवाकडी, मोडकी पॅकेटे मोठ्या संख्येने आज्ञावलीपुढे टाकतात आणि ती कोठे कोसळते ते पाहतात. तिची संहिता पूर्वीही स्वयंचलित साधनांनी तपासली गेली होती. तरी दहाच्या आसपास दोष निघाले. आपल्याच घराची अशी झडती घेववणे सर्वांना जमत नाही.

दुरुस्ती दिसावयास क्षुल्लक असते. सांगितलेली लांबी किमान मर्यादेहून कमी आहे काय, किंवा उरलेल्या बाइटांहून अधिक आहे काय, असे दोन प्रश्न प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी विचारावयाचे; उत्तर होकारार्थी आले तर नोंद अमान्य. सुधारलेल्या ३.०.१५ व २.२.१० या आवृत्त्या जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी दुसरी, देखभाल थांबविलेल्या जुन्या शाखेवर अजून विसंबून असलेल्यांसाठी मुद्दाम काढलेली होती.