रंगाआधीचं अस्तर

ब्लास्टिंगच्या खोलीतला आवाज थांबतो. दार ढकलून कारागीर बाहेर येतो. अंगात जाड कोट, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यावर हवेची नळी जोडलेला हूड. हूड काढल्यावर आधी तो घटाघटा पाणी पितो, मग मला आत यायची खूण करतो. "बघून घ्या, तुमचा ठिपका जागेवर आहे की नाही."

ठिपका म्हणजे 'मंडळ'मधल्या 'मं'वरचा अनुस्वार. न्यू जर्सीतल्या या छोट्या साइन शॉपमध्ये आमच्या मंडळाच्या नव्या वास्तूची पाटी तयार होते आहे. दुकानात देवनागरी वाचणारं कुणी नाही, म्हणून मजकुरावर नजर ठेवायला कार्यकारिणीने मला पाठवलंय.

अनुस्वार जागेवर आहे. अक्षरांवर रबरी मास्क चिकटवलेला असतो. मास्कने झाकलेला भाग वाचतो आणि उघडा भाग हवेच्या जोराने मारलेल्या खरीने खरवडून खोल जातो. शिरोरेषेमुळे एकेका शब्दाचा मास्क सलग राहतो, तो सहसा सुटत नाही. सुट्टा अनुस्वार मात्र बोटभर जागेवर चिकटलेला, कडेखाली हवा शिरली की उडालाच. म्हणून नळी पाटीशी काटकोनात धरायची आणि ठिपक्यापाशी रेंगाळायचं नाही, असं कारागीर सांगतो. तो 'ळ'च्या दोन्ही गाठींवरून अंगठा फिरवून बघतो. अक्षर त्याला वाचता येत नाही, पण त्याची धारदार कड कशी हवी हे नेमकं कळतं.

पाटी लाकडाची नाही. हा हाय डेन्सिटी युरेथेन फोमचा बोर्ड आहे, बोलताना सगळे नुसतं 'एचडीयू' म्हणतात. कोरा बोर्ड बेसनाच्या वडीसारखा दिसतो. आमची पाटी 6 फूट लांब, 3 फूट रुंद आणि दीड इंच जाड आहे. घनता दर घनफुटाला 18 पौंड, म्हणजे एवढ्या मोठ्या पाटीचं वजन 18 किलोच्या आसपास. कारागीर एकटाच ती उचलून टेबलावर ठेवतो, पण कोपरा टेबलाला लागू नये म्हणून जपून ठेवतो. हा बोर्ड कुजत नाही, पाण्याने फुगत नाही, वाकडा होत नाही. पडला तर मात्र कोपरा हमखास तुटतो.

समोरच्या भिंतीवर एक जुनी रेडवुडची पाटी टांगलेली आहे. लाकडात मऊ आणि कडक थर एकाआड एक असतात. ब्लास्टिंगमध्ये मऊ थर झिजतो, कडक थर वर राहतो आणि रेषांची सुंदर नक्षी आपोआप उमटते. पण जुनी जंगलं तुटत गेली. कॅलिफोर्नियात 1968मध्ये रेडवुड राष्ट्रीय उद्यान झालं, 1978मध्ये ते वाढवलं गेलं. तसं चांगलं लाकूड दुर्मीळ आणि महाग झालं आणि पाटीवाले फोमकडे वळले. फोमला रेषा नसतात, त्या पाडाव्या लागतात. आमच्या पाटीपुढे आडव्या गजांची चौकट ठेवून ब्लास्टिंग केलंय. गजांच्या सावलीतला भाग कमी झिजला, मधला जास्त. या खोट्या रेषा इतक्या बेमालूम उतरल्या आहेत की लांबून कुणीही लाकूडच म्हणेल.

नळीतून येते ती खर अॅल्युमिनियम ऑक्साइडची, वाळू नव्हे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमनने 1870मध्ये या तंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा वाळूच मारत असत. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. फोमची धूळही काही कमी त्रासदायक नाही. हूड काढला तरी कारागिराच्या तोंडावर आता मास्क आहे, आणि एक त्याने माझ्याही हातात दिलाय.

तो हवेच्या पाइपने पाटीवरची धूळ उडवतो. मग मऊ ब्रश फिरवतो आणि पुन्हा हवा मारतो. "धूळ राहिली तर अस्तर धुळीला चिकटतं, पाटीला नाही."

डब्यातलं प्रायमर घट्ट आहे, दह्याच्या वरचं आणि चक्क्याच्या खालचं. पाण्यात मिसळणारं, शंभर टक्के अॅक्रिलिक. तेलाचं का नाही, मी विचारते. लाकडाला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या तेलाचंच अस्तर मारतात. तो मान हलवतो. लाकूड तेल पितं, हा बोर्ड पीत नाही. फोमवर तेलाचं अस्तर वरून सुकल्यासारखं दिसतं आणि आतून चिकट राहतं. वर एनॅमल चढवलं की तेही धड वाळत नाही.

तरीही अस्तराशिवाय भागत नाही. फोमच्या आतल्या पेशी बंद असल्या तरी कापलेल्या आणि ब्लास्ट केलेल्या पृष्ठभागावर त्या फुटून उघड्या पडतात. हजारो बारीक छिद्रं. थेट रंग मारला तर कुठे चकचकीत, कुठे मेलेला, असा ठिगळ लावल्यागत दिसतो. छिद्रं भरायची असतात ती अस्तराने.

तो आधी स्प्रे गनने पातळ हात मारतो. लगेच आखूड केसांचा ब्रश घेऊन अस्तर रेषांच्या खाचांत टोचत जातो. ब्रश ओढत नाही, नुसता टोचतो. ओढला तर खाचेच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि वाळल्यावर तिथे टाचणीएवढं भोक दिसतं. मग दिवा बंद करून तो बॅटरी पाटीच्या कडेला आडवी धरतो. पांढऱ्या पृष्ठभागावर चार-पाच काळे ठिपके उठून दिसतात. प्रत्येकावर ब्रशचं टोक.

कडांना त्याहून जास्त वेळ. करवतीने कापलेली कड सगळ्यांत जास्त छिद्राळ. एके ठिकाणी टवका गेलाय, तिथे बाहेरच्या कामाची लांबी भरून तो पत्रीने सपाट करतो. कडांना अस्तर, वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा अस्तर. पाठीमागची बाजूही सुटत नाही, कुणाला ती दिसणार नसली तरी. अक्षरांच्या माथ्यावर मास्क चढवण्याआधीच तीन हात अस्तर मारून, घासून, पक्कं वाळवून घेतलंय. घाई केली असती तर मास्क निघताना अस्तरही सोबत आलं असतं.

पहिला हात वाळेपर्यंत मी शेजारच्या टेबलाशी जाते. तिथे एका खानावळीची पाटी आहे, पुढच्या टप्प्यावर आलेली. गडद हिरव्या पार्श्वभूमीचा दुसरा हात अर्धवट वाळलाय. कारागिराची मदतनीस ब्लेडने मास्कची कड उचलते आणि तिरकी ओढते. आतून अस्तर लावलेलं पांढरं अक्षर निघतं, कड स्वच्छ. रंग पूर्ण वाळू दिला असता तर त्याची साल मास्कबरोबर फाटली असती. अक्षरांच्या माथ्यावर फोमच्या छोट्या रोलरने पिवळं एनॅमल बसेल आणि त्यावर सोन्याचा वर्ख. वर्खाची पुस्तिका ती उघडून दाखवते. 23 कॅरट, एका पुस्तिकेत 25 पानं. आधी खळ लावायची, मग बोटाचं पेर टेकवून उचलायचं. बारीक 'टक' ऐकू आलं की वर्ख धरायला खळ तयार. पंखा बंद, दारं बंद, कारण पान श्वासानेही उडतं.

आमच्या पाटीला वर्ख नाही, बजेटमध्ये बसला नाही. पार्श्वभूमी गडद निळी, अक्षरं पांढरी. मी रंगाच्या छटाही विचारायला आले होते, पण कारागीर छटांच्या कार्डाकडे बघतही नाही. त्याचं लक्ष दुसऱ्या हाताच्या प्रायमरकडे आहे.

पाटी करायला देणाऱ्या सर्वांना एवढंच सांगणं: रंगाचं कार्ड उघडण्याआधी अस्तर कोणतं, किती हात, आणि कडा व पाठ झाकणार का, हे विचारून घ्या. रंग पाच-सात वर्षांनी पुन्हा काढता येतो. अस्तर चुकलं तर पाटी खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.