ई-स्कूटरचे कोटेशन आणि त्यामागचे सरकारी धोरण

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या कुठल्याही शोरूममध्ये ई-स्कूटरची किंमत विचारा. विक्रेता एक छापील कोटेशन पुढे सरकवतो. एक्स-शोरूम किंमत, सबसिडी, आरटीओ, विमा आणि तळाशी ‘ऑन रोड’. बहुतेक गिऱ्हाइके थेट तळाचा आकडा बघतात आणि हप्ता किती बसेल ते विचारतात. सरकारचे धोरण मात्र मधल्या ओळींत असते. ते एकाच खात्याचे नाही. प्रत्येक ओळ वेगळ्या कार्यालयातून येते, प्रत्येकीची मुदत वेगळी. आणि शहराचा धूर खऱ्या अर्थाने कमी करणारी गोष्ट या कागदावर नसतेच. म्हणून आधी कागद वाचू, मग कागदाबाहेर जाऊ.

पहिली सवलत एक्स-शोरूम किमतीच्या पोटात दडलेली असते, ती जीएसटीची. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर हा कर ५ टक्के आहे. पेट्रोलच्या दुचाकीवर तेव्हा २८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे विजेच्या गाडीचा कर वाढला नाही, पण २३ टक्क्यांचा फायदा १३ टक्क्यांवर उतरला. धोरण असेही बदलते. आपली सवलत तशीच राहते आणि शेजारची वस्तू स्वस्त होते.

दुसरी ओळ केंद्राच्या सबसिडीची. ती बॅटरीच्या क्षमतेवर मोजतात. एक हिशेब करून पाहू. बॅटरी ३ किलोवॉट-तासांची आणि कारखान्यातली किंमत १ लाख २० हजार रुपये धरा. जून २०२१ मध्ये ‘फेम-२’ योजनेचा दर किलोवॉट-तासाला १५ हजार आणि मर्यादा किमतीच्या ४० टक्के झाली, तेव्हा या स्कूटरला ४५ हजार मिळाले असते. जून २०२३ मध्ये दर १० हजार झाला, मर्यादा १५ टक्क्यांवर आली. मदत १८ हजार. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये सुरुवातीला कमाल १० हजार, एप्रिल २०२५ पासून कमाल ५ हजार. खप वाढला, बॅटऱ्या स्वस्त झाल्या की टेकू काढून घ्यायचा, असे हे गणित आहे. २०२५ मध्ये केंद्राने या योजनेची एकूण मुदत २०२८ पर्यंत वाढवली, पण दुचाकी-तीनचाकींच्या मदतीची मार्च २०२६ हीच ठेवली.

हे पैसे आपल्या खात्यात येत नाहीत. शोरूममध्ये आधार क्रमांक आणि चेहऱ्याची पडताळणी होते, ई-व्हाउचर निघते, त्यावर ग्राहकाची आणि विक्रेत्याची सही होऊन ते पोर्टलवर चढते. किंमत तिथेच कमी होते आणि कंपनी नंतर केंद्राकडून रक्कम वसूल करते.

तिसरी ओळ ‘आरटीओ’. महाराष्ट्रात १०० ते २९९ सीसीच्या पेट्रोल दुचाकीवर ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर पडतो. लाखाच्या गाडीवर ११ हजार. विजेच्या गाडीला तो माफ आहे. नोंदणी शुल्कही केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केले. गाजावाजा सबसिडीचा होतो, पण केंद्राच्या ५ हजारांपेक्षा ही मुकाट करमाफी दुपटीहून मोठी आहे.

चौथी गोष्ट राज्याची. २०२१ च्या राज्य धोरणाची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली आणि मे २०२५ मध्ये नवे धोरण आले, ते मार्च २०३० पर्यंत. त्यात ई-दुचाकीला किमतीच्या १० टक्के, कमाल १० हजार रुपये सवलत आहे. ई-मोटारींना आणि ई-बसना समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. सावंगीच्या इंटरचेंजवरून नागपूर किंवा मुंबई गाठणाऱ्याला हा फायदा थेट खिशात जाणवतो. रिक्षावाल्यांसाठी आणखी एक दार उघडे आहे. विजेवर चालणाऱ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतून सूट दिली.

आता चार्जिंग. २०२१ च्या धोरणाने या शहरासाठी ७५ सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचे लक्ष्य ठेवले होते. पुण्याला ५००, नागपूरला १५०. दुचाकीचे काम मात्र बहुधा घरच्या सॉकेटवर भागते. सिडकोतल्या स्वतंत्र घराला अंगण असते, वायर सहज पोचते. गुलमंडी-शहागंजच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी असते, त्याला सबसिडीपेक्षा प्लग महत्त्वाचा. सवलतीचा कागद दोघांना सारखाच आणि सोय मात्र एकालाच, ही या धोरणाची उघड त्रुटी आहे.

आणि हवा? हवेच्या निकषात न बसणाऱ्या शहरांसाठी केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्या यादीत आपले शहर आहे. ई-स्कूटरमध्ये इंधन जळत नाही, म्हणून क्रांती चौकातल्या सिग्नलवर ती धूर सोडत नाही. पण आपली बरीचशी वीज परळीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. धुराचा काही भाग हटत नाही, जागा बदलतो. इलेक्ट्रिक मोटर ऊर्जा कमी वाया घालवते, म्हणून एकूण हिशेबात फायदा उरतो आणि सौर वीज वाढेल तसा तो वाढेल. रस्त्यावरची धूळ आणि टायर-ब्रेकची झीज मात्र कुठल्याही गाडीने उडतेच. ती कमी करायची तर गाड्यांची संख्याच कमी व्हायला हवी.

इथे कागदाबाहेरची गोष्ट येते: बस. ‘माझी स्मार्ट बस’ २०१९ च्या सुरुवातीपासून शहरात धावते आहे. केंद्राची ‘पीएम ई-बस सेवा’ ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली; देशभरात १० हजार बस, खर्चाचा अंदाज ५७,६१३ कोटी. यात महापालिकेला बस विकत घ्याव्या लागत नाहीत. कंत्राटदार बस आणतो, चालवतो आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात. १२ मीटरच्या बससाठी केंद्राचा वाटा किलोमीटरला २४ रुपये, दहा वर्षे. तिकिटाचा गल्ला कमी पडला तर उरलेली तूट शहराने भरायची. म्हणून या योजनेचे यश बसच्या रंगरंगोटीवर नाही, महापालिका दर महिन्याला बिल वेळेवर चुकते करते का यावर ठरेल.

सवलतीऐवजी सरळ मनाई करण्याचा मार्गही आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याला निघालेल्या खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर प्रवासी एसटीच्या बसने जातात. लेण्यांतल्या चित्रांजवळ धूर नको, हा त्यामागचा हेतू. तिथे कोणाला सबसिडी द्यावी लागली नाही. पर्यायी बस उभी असली की लोक नियम पाळतात.

कारखान्यांची बाजूही धोरणाचाच भाग आहे. शहराजवळच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत बिडकीनला एथर एनर्जीने ई-स्कूटरचा कारखाना जाहीर केला, तर टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. रोजगार येईल, हे चांगलेच. पण गाड्या इथे बनल्या म्हणून इथली हवा आपोआप सुधारणार नाही.

तेव्हा गाडी घेताना कोटेशनवर तीन गोष्टी तपासा: केंद्राची मदत अजून चालू आहे का, राज्याची सवलत वेगळ्या ओळीत दाखवली आहे का, आणि मोटार वाहन कर शून्य आहे का. विक्रेता ‘नंतर मिळेल’ म्हणाला तर ते लेखी घ्या. आणि महापालिकेच्या उमेदवाराला मत देण्याआधी विचारा, आमच्या वॉर्डातून बस किती मिनिटांनी सुटणार?